रिपोर्टवर ‘ईजीएफआर ॲम्प्लिफिकेशन तपासा’ असं लिहिलंय, करायचं का?

पत्राचा गोषवारा: लिहिणारे गृहस्थ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे, वय ३१. वडील ५८ वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना अचानक फिट आली आणि नंतर बोलताना शब्द अडायला लागले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला लागून गाठ दिसली. पूर्ण गाठ काढली तर वाचा जाण्याची भीती, म्हणून सर्जननी कवटीला छोटं छिद्र पाडून सुईने तुकडे घेतले. त्याला आता दोन आठवडे झाले. रिपोर्टमध्ये लिहिलंय: ‘डिफ्यूज ॲस्ट्रोसायटिक ग्लायोमा, दिसायला ग्रेड २ सारखा. नेक्रोसिस नाही. आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह. ईजीएफआर ॲम्प्लिफिकेशन, टर्ट प्रमोटर आणि गुणसूत्र ७/१० यांची तपासणी करून अंतिम निदान ठरवावं.’

घरात मतं फाटली आहेत. काका म्हणतात, ग्रेड दोन म्हणजे फार काही नाही, आता टेस्टवर पैसा घालवू नका. शिवाय सुई लावल्यामुळेच बोलणं जास्त बिघडलं आणि गाठ पसरली. दाजी औषधांच्या धंद्यात आहेत. त्यांच्या ओळखीतल्या एका बाईंना फुप्फुसाचा कॅन्सर होता, त्या ‘ईजीएफआरच्या गोळीवर’ बरीच वर्षं चांगल्या राहिल्या. गोळी आणून देतो, रिपोर्टची वाट कशाला बघता, असं ते म्हणतात. एका लॅबने शेकडो जनुकांचं मोठं पॅनेल सुचवलंय, त्यासाठी बहिणीचे दागिने मोडायची वेळ येईल. बहिणीला वेगळीच धास्ती: हे जनुकाचं आहे म्हणजे आपल्यातही येणार का? पत्राचा शेवट असा: ‘टेस्ट करून औषध मिळणार असेल तरच करू. तुम्ही सांगाल तसं.’

उत्तर:

‘औषध मिळणार असेल तरच’ हा तुमचा हिशेब मला कळतो. बहुतेक घरांत तो असाच मांडला जातो आणि त्यात वावगं काही नाही. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत ही तपासणी औषध शोधण्यासाठी सांगितलेलीच नाही. गाठ नेमकी कुठली आहे, हेच अजून ठरलेलं नाही. ते ठरवण्यासाठी ती सांगितली आहे.

माझं मत आधी सांगून टाकते: ईजीएफआरची तपासणी करा, आणि याच आठवड्यात तिच्या मागे लागा. मोठं पॅनेल आत्ता घेऊ नका, दागिने राहू द्या. दाजींची गोळी बाबांना देऊ नका. का, ते आता नीट सांगते, कारण उद्या काकांसमोर आणि दाजींसमोर तुम्हालाच बोलायचं आहे.

काकांपासून सुरुवात करू. रिपोर्ट पुन्हा एकदा काढून वाचा. त्यात ‘ग्रेड २’ असं लिहिलेलं नाही. ‘दिसायला ग्रेड २ सारखा’ असं लिहिलं आहे. पॅथॉलॉजिस्ट शब्द मोजून वापरतो. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते त्याने लिहिलं, आणि तेवढ्यावर निदान करायला नकार दिला. अशा रिपोर्टवर लोक चिडतात (‘एवढे पैसे घेऊन धड सांगितलंही नाही’), पण मला विचाराल तर हा रिपोर्ट प्रामाणिक आहे.

मेंदूच्या या जातीच्या गाठींमध्ये (‘ग्लायोमा’ म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ) ग्लायोब्लास्टोमा ही सर्वांत आक्रमक, चौथ्या ग्रेडची. पूर्वी ती ओळखायची दोन ठळक लक्षणांवरून: गाठीत मेलेल्या पेशींचे पट्टे, म्हणजेच रिपोर्टमधला ‘नेक्रोसिस’, किंवा रक्तवाहिन्यांचे अस्ताव्यस्त वाढलेले झुबके. गाठ मोठ्या प्रमाणात काढली असेल तर ही लक्षणं सहसा सापडतात. सुईने घेतलेले तुकडे मात्र काही मिलिमीटरचे असतात. सुई गाठीच्या कडेला लागली, किंवा गाठ अजून तेवढी जुनी झालेली नसली, तर तुकड्यात थोड्याशा वेड्यावाकड्या पेशींपलीकडे काही दिसत नाही. मग ‘ग्रेड २ सारखा’ असा रिपोर्ट येतो, आणि काही महिन्यांतच गाठ चौथ्या ग्रेडसारखी वागायला लागते. डॉक्टरांना हा अनुभव इतक्यांदा आला की शेवटी नियमच बदलावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ते स्पष्ट लिहिलं आहे: प्रौढ माणसाच्या अशा गाठीत आयडीएच जनुक बदललेलं नसेल आणि तीन खुणांपैकी एकही सापडली, तर ती ग्लायोब्लास्टोमाच, ग्रेड ४, सूक्ष्मदर्शकाखाली ती कितीही साधी दिसो. त्या तीन खुणा म्हणजे ईजीएफआर जनुकाचं ॲम्प्लिफिकेशन (त्याच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढणं), टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागातला बदल, आणि सातवं गुणसूत्र वाढून दहावं हरवणं. तुमच्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत हीच तीन नावं आहेत.

म्हणजे ‘ग्रेड दोन आहे, थांबून बघू’ आणि ‘ग्रेड चार आहे, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमोथेरपीची कॅप्सूल) लगेच सुरू करू’ या दोन वाटांपैकी कुठली धरायची, ते या तपासणीवर ठरणार आहे.

त्याच रिपोर्टमधली आणखी एक ओळ बारकाईने बघा: ‘आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह’. ही रंग चढवून केलेली तपासणी आहे आणि ती आयडीएचचा सर्वांत नेहमीचा बदल तेवढा पकडते. या जातीच्या गाठींमध्ये आयडीएच१ च्या दहा बदलांतले साधारण नऊ तिच्यात येतात, उरलेला एखादा निसटतो. गाठ सूक्ष्मदर्शकाखालीच ठळक ग्लायोब्लास्टोमा दिसत असती आणि रुग्ण पंचावन्नच्या पुढचा असता, तर एवढ्या तपासणीवर भागलं असतं. बाबांचं वय त्यात बसतं, पण गाठ साधी दिसते आहे. म्हणून ‘आयडीएच १ आणि २ चं सिक्वेन्सिंग लागेल का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. (सिक्वेन्सिंग म्हणजे जनुकातली अक्षरं क्रमाने वाचणं.) तिथे बदल सापडला तर निदान, उपचार आणि पुढच्या काळाचा अंदाज, सगळंच वेगळं आणि बरंच आशेचं होतं. या प्रश्नाला टाळाटाळ होत असेल तर दुसरीकडे मत घ्यायला संकोच करू नका.

आता ईजीएफआरकडे येते. हे जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं. पेशीच्या पृष्ठभागावर बसून ‘वाढ’ असा निरोप आत पोचवणारं प्रथिन त्याच्यावरून तयार होतं. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ग्लायोब्लास्टोमाच्या साधारण ४० टक्के गाठींमध्ये या प्रती डझनांनी वाढलेल्या सापडतात. १९८५ मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. बहुतेक वेळा या जादा प्रती गुणसूत्रावर नसतातच. डीएनएची छोटी वर्तुळं होऊन त्या केंद्रकात सुट्या फिरत असतात. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे सारखी वाटली जातात, पण या सुट्या वर्तुळांना तशी शिस्त नसते. एका पेशीच्या वाट्याला पन्नास येतात, शेजारणीच्या वाट्याला दोन-चार. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

हे बघण्याची रुळलेली पद्धत म्हणजे फिश. बाबांचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. त्याचा चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका पातळ काप काचेवर घेतात. गाठीच्या पेशी जिथे दाट आहेत ती जागा पॅथॉलॉजिस्ट पेनाने आधीच आखून देतो, नाहीतर निरोगी पेशींची मोजदाद होऊन बसते. मग दोन चमकणारी रसायनं लावतात: लाल ईजीएफआर जनुकाला चिकटतं, हिरवं सातव्या गुणसूत्राच्या मध्याला. रात्रभर ठेवून, धुऊन, अंधाऱ्या खोलीत विशेष प्रकाशाखाली बघायचं. केंद्रकं निळी दिसतात. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे ठिपके. ॲम्प्लिफिकेशन असलेल्या गाठीत हिरवे दोन-तीनच, आणि लाल मात्र निळ्या केंद्रकभर रांगोळीची चिमूट उधळल्यासारखे, इतके की मोजणारा मोजणं सोडून ‘असंख्य’ असं लिहितो. ज्याने एकदा हे पाहिलं त्याला ओळखायला दुसऱ्यांदा वेळ लागत नाही. अडचण येते ती मधल्या केसेसमध्ये.

म्हणून रिपोर्ट हातात आला की ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर थांबू नका, आकडे बघा. लाल आणि हिरव्या ठिपक्यांचं गुणोत्तर दिलेलं असतं. साधारण दोन किंवा त्यावर असेल तर ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. खऱ्या केसेसमध्ये ते सहसा त्याच्या खूपच वर असतं. पण लालही चार आणि हिरवेही चार असतील तर जनुक वाढलेलं नाही, अख्खं सातवं गुणसूत्रच जास्त झालेलं आहे. रिपोर्टमध्ये याला ‘पॉलिसोमी’ म्हणतात. ते ॲम्प्लिफिकेशन नव्हे आणि एकट्या त्याच्या जोरावर ग्रेड ४ म्हणता येत नाही. (दहावं गुणसूत्रही हरवलेलं असेल तर मात्र ती तिसरी खूण झाली.) काही ठिकाणी फिश न करता ईजीएफआरचं प्रथिन रंगवून ‘३+’ असा शेरा देतात. स्वस्त असतं, लवकर होतं, पण प्रती न वाढताही प्रथिन वाढलेलं दिसू शकतं. त्या शेऱ्यावर ग्रेड ठरवू देऊ नका.

आणि निगेटिव्ह आलं तर? तर सुटलो असं समजू नका. सहाएक दहांश ग्लायोब्लास्टोमांमध्ये ईजीएफआर वाढलेलं नसतंच. शिवाय मघाशी सांगितलं तसं, एकाच गाठीत एका कोपऱ्यात प्रती भरपूर आणि दुसऱ्यात कमी असं होतं. कधी शेजारशेजारच्या पेशींमध्ये वेगवेगळी जनुकं वाढलेली सापडतात, एकीत ईजीएफआर, दुसरीत पीडीजीएफआरए नावाचं वेगळंच जनुक. सुईला जे लागलं तेवढंच आपल्याला कळतं. त्यामुळे फिश निगेटिव्ह आलं तर टर्ट आणि ७/१० कडे जायचं. टर्टमधला बदल एका अक्षराचा असतो, तो फिशमध्ये दिसत नाही, त्याला सिक्वेन्सिंग लागतं.

मोठ्या पॅनेलबद्दल माझं म्हणणं आता तुम्हाला पटेल. ते निरुपयोगी नाही. एकाच खेपेत आयडीएच, टर्ट, ईजीएफआर, सगळं कळतं, आणि फिश निगेटिव्ह येऊन बाकीच्या तपासण्या सुट्या सुट्या करायच्या झाल्या, तर कधी कधी मर्यादित पॅनेलच स्वस्त पडतं. पण त्यासाठी मेंदूच्या गाठींचं छोटं पॅनेल पुरतं. शेकडो जनुकांच्या यादीतून बाबांच्या उपचारात आज फरक पडेल असं आणखी काही निघण्याची शक्यता कमी, आणि खर्च फिशच्या कितीतरी पट. आधी फिश करा. त्यात ॲम्प्लिफिकेशन स्पष्ट दिसलं आणि आयडीएचची खात्री झाली, की निदान तिथेच ठरलं. रक्तातून मेंदूच्या गाठीची जनुकं तपासून देतो असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. या गाठींचा डीएनए रक्तात फारच कमी उतरतो, त्यामुळे रक्तात काही सापडलं नाही याला अर्थ राहत नाही.

या सगळ्यात खरी मौल्यवान वस्तू तो मेणाचा ठोकळा, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात. तुकडा इवलासा आहे आणि प्रत्येक वेळी ब्लॉक यंत्रावर चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यात थोडा माल वाया जातो. तीन लॅबना तीन वेळा ब्लॉक फिरवलात तर चौथ्या तपासणीला काही उरत नाही. म्हणून ज्या दवाखान्यात बायोप्सी झाली तिथल्या पॅथॉलॉजीत जा, लेखी अर्ज द्या, आणि डॉक्टरांना विचारा: ‘ईजीएफआर फिश, आयडीएच, टर्ट आणि एमजीएमटी, या सगळ्यांना पुरतील इतके न रंगवलेले काप एकाच बैठकीत काढून ठेवता येतील का?’ (एमजीएमटी काय ते पुढे सांगते.) फिशसाठी कोटेड स्लाइड लागतात, साध्या काचेवर काप निसटतो. हे त्यांना माहीत असतं, तरी अर्जात लिहा. ब्लॉक आणि स्लाइडवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी तिथल्या तिथे जुळवून बघा. कुरिअरने पाठवत असाल तर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.

पाठवायचं कुठे, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये मेंदूच्या गाठींवर काम करणारी माणसं आहेत, बंगळुरूला निम्हान्स आहे. बाहेरचे ब्लॉक तपासून मत देण्याची पद्धत मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत रुळलेली आहे. बाबांना प्रत्येक वेळी सोबत न्यावंच लागतं असं नाही. कागद, ब्लॉक आणि एमआरआयची सीडी घेऊन घरातला एक माणूस गेला तरी बरंच काम होतं. जाण्याआधी फोन करून काय काय लागेल ते विचारा. टाटाच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचं देशभरातल्या रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं आहे; तुमच्या जवळचं केंद्र त्यात आहे का तेही बघा. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आत्ताच भेटून घ्या. रेडिएशन तिथे बसतं का, कुठल्या रुग्णालयात बसतं, ही तपासणी बसते का, हे त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. रेडिएशनचं ठिकाण ठरल्यावर हे कळलं तर धावपळ दुप्पट होते.

‘रिपोर्टची वाट बघण्यात वेळ जाईल’ अशी भीती तुम्हालाही वाटत असेल. रेडिएशन साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा आठवड्यांत सुरू करतात. तुमचे दोन गेले. फिशला सहसा आठवडाभराच्या आसपास लागतो, त्यामुळे आज ब्लॉक हलला तर रिपोर्ट वेळेत येईल. तोवर रेडिएशनच्या डॉक्टरांची भेट, मास्कचं माप, प्लॅनिंगचा स्कॅन हे सगळं बरोबरीने चालू ठेवता येतं. पण बाबांचं बोलणं झपाट्याने ढासळत असेल, झोपाळूपणा वाढत असेल, तर कुठल्याही रिपोर्टसाठी थांबायचं नाही. तसं त्या डॉक्टरांना सांगूनही ठेवा.

आता दाजी. त्यांनी सांगितलेली फुप्फुसाची गोष्ट खरी असणार. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआरवरच्या गोळ्या फार चांगल्या चालतात. पण तिथे जनुकात झालेला बिघाड वेगळा असतो: प्रथिनाच्या पेशीतल्या भागात, निरोप पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत ठरावीक जागी बदल होतो, आणि गोळी नेमकी तिथे बसते. मेंदूच्या गाठीत प्रती वाढतात, आणि बदल झालाच तर प्रथिनाच्या पेशीबाहेरच्या भागात. ॲम्प्लिफिकेशन असलेल्या जवळपास निम्म्या गाठींत त्या बाहेरच्या भागाचा एक मोठा तुकडाच गळालेला असतो. रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर व्ही थ्री’ असं दिसलं तर ते हेच. शिवाय रक्त आणि मेंदूमधला नैसर्गिक अडसर बरीचशी औषधं पुरेशा प्रमाणात आत जाऊ देत नाही. जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या ग्लायोब्लास्टोमात वापरून बघितल्या गेल्या, उपयोग झाला नाही. त्या गळालेल्या तुकड्याला लक्ष्य करणाऱ्या रिंडोपेपिमट नावाच्या लसीची सातशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले, आयुष्य वाढलं नाही. मग ईजीएफआर वाढलेलेच सहाशेहून जास्त रुग्ण निवडून एक अँटिबॉडी-औषध देऊन बघितलं, तीही चाचणी २०१९ मध्ये थांबवावी लागली. वर डोळ्यांना त्रास झाला तो वेगळा. इतक्या लोकांनी इतकी वर्षं प्रयत्न करून जे साधलं नाही, ते दाजींनी आणलेल्या पाकिटाने साधेल असं मला वाटत नाही.

‘देऊन तर बघू, तोटा काय’ असं ते म्हणतील. तोटा आहे. या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठतं, जुलाब लागतात, लिव्हर बिघडू शकतं, कधी फुप्फुसाला जीवघेणी सूज येते. बाबांना फिटसाठी फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर शरीर या गोळ्या भराभर नष्ट करतं, म्हणजे पैसे गेले आणि गुणही नाही. रेडिएशनच्या ऐन काळात जुलाबाने अशक्तपणा आला तर खरा उपचार मध्येच थांबतो. दाजींचा जीव तुटतोय हे दिसतंय. त्यांना दुसरं काम द्या, आणि त्यांच्या धंद्यामुळे ते चांगलं करतील: निदान ग्लायोब्लास्टोमा निघालं तर टेमोझोलोमाइड लागेल, त्याच्या भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूल मिळतात आणि दरांत फरक असतो. खात्रीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर, योग्य दरात ती आणायची जबाबदारी त्यांच्यावर टाका.

तपासणीतून औषधाचा काही अंदाज हवाच असेल तर तो ईजीएफआरमध्ये नाही, एमजीएमटीमध्ये आहे. या जनुकाचा प्रमोटर मिथायलेटेड असेल, म्हणजे रासायनिक कुलूप लागून जनुक बंद पडलेलं असेल, तर टेमोझोलोमाइडचा गुण जास्त येतो, हे २००५ पासून माहीत आहे. निदान ग्रेड ४ ठरलं तर तीही तपासणी करून घ्या. तिचा निकाल कसाही आला तरी बाबांच्या वयाच्या माणसाला सहसा रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड देतातच, त्यामुळे तिच्यासाठी काही अडवून ठेवायचं नाही.

पुढचं परिच्छेदभर लिहावं की नाही याचा मी विचार केला. तुम्ही आकडा विचारलेला नाही. पण तुम्ही तो मोबाइलवर शोधणार, कदाचित शोधलाही असेल, म्हणून तो किमान नीट कळावा. रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड देण्याची आजची पद्धत ज्या चाचणीवर उभी आहे तिचे निकाल २००५ मध्ये आले: निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपलीकडे जगले, नुसत्या रेडिएशनवर १२.१ महिने. मात्र दोन वर्षांनंतर हयात असलेले चारातले एकाहून जरा जास्त होते, आधीच्या उपचारात दहातला एक. हा सगळ्या रुग्णांचा मिळून काढलेला आकडा आहे, त्यात बाबा कुठे बसतील ते कोणी सांगू शकत नाही. आणि त्यांची गाठ ग्लायोब्लास्टोमा आहे हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

यावरून एक विचारते. तुमच्या पत्रात काकांचं मत आहे, दाजींचं आहे, बहिणीचं आहे, लॅबवाल्याचंसुद्धा आहे. बाबांचं कुठे आहे? आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस आहे. शब्द अडत असले तरी समजत सगळं असेल, आणि घरातली कुजबुज तर त्यांच्या कानावर नक्कीच पडते आहे. त्यांना सगळे आकडे ऐकवा असं मी म्हणत नाही. ‘बाबा, गाठ कुठली आहे ते ठरवायला आणखी एक तपासणी आहे, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ एवढं विचारा आणि थांबा. उत्तराला वेळ लागला तर शब्द तुम्ही पुरवू नका. हो-नाहीवर उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न करा, पाटी-पेन्सिल द्या. बँकेच्या सह्या, पेन्शनची कागदपत्रं, वारसाची नोंद हेही ते स्वतः करू शकतायत तोवर उरकून घ्या. ग्रेड दोन निघो नाहीतर चार, गाठ बोलण्याच्या केंद्राजवळच आहे.

बहिणीला सांगा: ही जनुकाची भानगड बाबांच्या गाठीतल्या पेशींत, त्यांच्या हयातीत झालेली आहे. ती त्यांना आजोबांकडून आली नाही आणि तुम्हा भावंडांकडे जाणार नाही. ईजीएफआरच्या रिपोर्टसाठी तुमचं कोणाचंही रक्त तपासायची गरज नाही. काही दुर्मिळ घराण्यांत मेंदूच्या गाठींचा वारसा असतो, पण तिथे लहान वयात आणि अनेकांना कॅन्सर झालेले असतात. तसं काही असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, नसेल तर हा विषय मिटला.

राहता राहिला काकांचा सुईचा मुद्दा. सुईच्या बायोप्सीत रक्तस्राव होण्याचा थोडा धोका असतो, तो सर्जनने आधी सांगितलेला असणार. पण ही गाठ सुई लागायच्या आधीपासूनच मेंदूत पसरलेली असते, रिपोर्टमधला ‘डिफ्यूज’ शब्द तेच सांगतो. बायोप्सीनंतर बोलणं थोडं जास्त अडलं असेल तर बहुधा ती सूज आहे. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू आहे का, डोस किती, तो कमी कधी करायचा, हे सर्जनना विचारा, आणि ते परस्पर बंद करू नका. काकांना शक्य असेल तर ब्लॉक आणायला जाताना सोबत घ्या. पॅथॉलॉजिस्टकडे पाच मिनिटं मागा. बरेच जण स्लाइड दाखवून समजावतात, विचारावं लागतं एवढंच. आणि तपासण्या झाल्या की उरलेला ब्लॉक लॅबकडून परत मागून घ्या, नंबर बघून घ्या, घरात कोरड्या, थंड जागी ठेवा. पुढे एखाद्या चाचणीत नाव घालायचं झालं तर पहिल्यांदा तोच मागतील.